रांग जी, आसन सात आणि आठ

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रात्रीची जेवणं चालली होती. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, केशवराव पेटलंय."

कोल्हापुरात 'केशवराव भोसले नाट्यगृह' असं पूर्ण कुणी म्हणत नाही. "केशवरावला नाटक आहे", "केशवरावसमोर भेट", असंच बोलतात. त्यामुळे ते वाक्य ऐकून पहिला क्षणभर मला घरातलंच माणूस पेटल्यासारखं वाटलं. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, पायी दहा मिनिटांवर. गेले तोवर खासबागेच्या बाजूचं आकाश तांबडं झालं होतं आणि पोलीस माणसांना मागं सारत होते. गर्दीत शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ छप्पर कोसळल्याचा आवाज आल्यावर खाली बसले ते उठेनातच. शेवटी दोघांनी धरून त्यांना बाजूला नेलं.

दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती. ज्यांनी आदल्या दिवशी कार्यक्रमाची तयारी केली होती, तेच कलाकार काळ्या पडलेल्या दगडी भिंतींसमोर हार घेऊन उभे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ला काम सुरू करून १९१५ ला उभं केलेलं हे पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागेचं कुस्तीचं मैदान. एकाच राजाने एकाच आवारात आखाडा आणि रंगमंच दिला, हे आम्हाला शाळेतल्या सहलीत सांगितलं जायचं आणि आम्ही ते न ऐकता भेळेच्या गाडीकडे बघायचो.

हे लिहितेय त्याचं कारण सांगते. त्या रात्रीपासून बरोबर एक वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, लोकांनी जपलेल्या तिकिटांतून आणि हस्तपत्रकांतून मी ते नाट्यगृह माझ्या परीने पुन्हा उभं केलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. असं मोठं काम कधी केलं नव्हतं. कुठे अर्ज करायचा, कागद कसा सांभाळायचा, पैसे किती लागतात, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तुमच्या गावातलंही एखादं थिएटर, एखादा पूल, एखादं स्टेशन गेलं असेल आणि हात शिवशिवत असतील, तर माझं हे वर्ष तुमच्या कामी यावं.

सुरुवात एका ट्रंकेपासून झाली. माझे वडील, दादा, हौशी नाटकात प्रॉम्प्टर होते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी केशवरावला असली की ते महिनाभर ऑफिसातून थेट तिथेच जायचे. दादा २०११ ला गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर तशीच होती. आगीनंतर तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, ती खाली काढली. आत स्पर्धेच्या वेळापत्रकांच्या घड्या, चाळीसेक फाडलेली तिकिटं, रंगाच्या डब्या, आणि एका वहीत त्यांनी पाहिलेल्या नाटकांची यादी. यादीत नाटकाच्या नावापुढे नटाचं नाव नव्हतं. आसन क्रमांक होता. सी ११. एच ४. जिथून ऐकलं ती जागा.

तोवर मी दर्शनी भागाची चित्रं काढत होते, जळकी, कोळशाने. शहरात त्या वेळी प्रत्येक चित्रकार तेच काढत होता आणि त्यात काही चूक नव्हतं. पण ती वही बघितल्यावर मला कळलं की भिंती तर उभ्याच आहेत, पुनर्बांधणी करणारे त्या सांभाळतीलही. गेली आहे ती बसायची जागा. ती कुणाच्या नकाशात नाही, लोकांच्या कपाटात आहे. मग ठरवलं, आतलं सभागृह करायचं, आसन आसन, आणि ज्या आसनाचं तिकीट कुणीतरी जपलंय तेवढंच भरायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी वस्तू मागायला सुरुवात केली. व्हॉट्सअपवर एक साधा मजकूर टाकला, नाट्यमंडळींच्या गटांत फिरवला. पहिले आठ दिवस काहीच आलं नाही, नुसते हात जोडलेले. मग माझ्या लक्षात आलं की लोक 'वस्तू' या शब्दाला घाबरतात. आमच्याकडे काय असणार, म्हणतात. मजकूर बदलला: "केशवरावचं एखादं जुनं तिकीट, पाकिटात, पुस्तकात, देवघरातल्या डब्यात राहिलंय का?" त्याच संध्याकाळी अकरा फोन आले.

घेताना एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली आणि तिनेच पुढे वाचवलं. वस्तू हातात आली की देणाऱ्यासमोर दोन्ही बाजूंचे फोटो. मग पाकीट, पाकिटावर क्रमांक, तोच क्रमांक रजिस्टरात, आणि देणाऱ्याची सही. मूळ कागदावर पेनने काहीही लिहायचं नाही. लिहावंच लागलं तर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात. सोबत दोन प्रतींत उसनवारीचा कागद: वस्तू माझी नाही, कापणार नाही, चिकटवणार नाही, स्कॅन करून अमुक तारखेपर्यंत परत देईन, नाव लावायचं की नाही ते देणारा ठरवेल. बहुतेकांना साधा कागद पुरला. एका गृहस्थांनी स्टँपपेपरवरच हवं म्हटलं, आणि नेमका त्याच महिन्यात राज्यात शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू झाला होता. घेतला. त्यांच्याकडे पॅलेस थिएटर असं छापलेलं हस्तपत्रक होतं, पाचशेला ते स्वस्तच म्हणायचं.

कागदाचा काळ कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवलं नाही, तिकिटांनीच शिकवलं. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही गावातल्या जुन्या कागदाला तो लागू पडतो. जवळपास कुठल्याच तिकिटावर साल नसतं. तारीख असते, वार असतो, साल नसतं, कारण छापणाऱ्याला ते तिकीट उद्या कचऱ्यात जाणार हे ठाऊक असतं. मग बाकीच्या खुणा बघायच्या. नाव 'पॅलेस थिएटर' असेल तर १९५७ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, कारण केशवरावांचं नाव त्या साली दिलं गेलं. दर आण्यांत असेल तर तेही १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा त्याच्या आगेमागे जुना साठा संपवलेला. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण नंतर 'नये' गळालं. हस्तपत्रकावर 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आत. छापखान्याच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. जीएसटी दिसला की जुलै २०१७ नंतरचं, तिथे डोकं चालवायची गरजच नाही. तारीख आणि वार दोन्ही असतील तर पंचांगाशी जुळवून मोजकीच सालं उरतात, आणि बाकीच्या खुणांशी ताडून त्यातलं नेमकं सापडतं. दादांच्या एका तिकिटाचं साल मी असं शोधलं आणि ते माझ्या जन्माच्या आठवड्यातलं निघालं. आई दवाखान्यात असताना ते नाटक बघत होते. आईला विचारलं तर म्हणाली, "मीच म्हटलं जा म्हणून, इथं बसून काय करणार होते."

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. माझ्या कामाचा आणि निवडणुकीचा काही संबंध नाही असं मला वाटत होतं. संबंध असतो. ज्या ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तिथला माणूस निवडणूक ड्युटीवर. २३ नोव्हेंबरला निकाल लागेपर्यंत एकही कागद हलला नाही. तुमचं काम सरकारी सहीवर अडणारं असेल तर आधी निवडणुकांची संभाव्य तारीख बघा आणि मग आपलं वेळापत्रक आखा.

त्या सहा आठवड्यांत मी एक अर्ज मात्र देऊन ठेवला होता. ढिगाऱ्यातलं जळकं लाकूड, अगदी हातभर तुकडा, कामासाठी मिळावा म्हणून. तीन ठिकाणी फिरले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका अधिकाऱ्यांनी समोर बसवून नीट समजावलं: घटनेची चौकशी, पंचनामा, वारसा वास्तूचे नियम, यातून काही सुटेपर्यंत तिथली काडीसुद्धा बाहेर देता येत नाही, आणि एकाला दिली तर शंभर जण येतील. ते बरोबर बोलत होते. पायऱ्या उतरताना मला हलकं वाटलं. लाकूड मिळालं असतं तर सगळं काम आगीचं झालं असतं. येणारा माणूस तो कोळसाच बघत बसला असता.

अर्जाबद्दल एवढंच सांगते की आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या एका अर्जाची मूळ प्रत सापडत नव्हती तेव्हा त्या शिक्क्यावरच काम झालं. आणि अर्जाचा विषय एका ओळीत लिहा. 'कलाकृतीच्या अनुषंगाने सहकार्याबाबत' असं लिहिलं की तो कुठल्या टेबलावर न्यायचा हे कुणालाच कळत नाही.

डिसेंबर आणि जानेवारी वाचण्यात गेले. कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानची दप्तरं आहेत, त्यात शाहू महाराजांच्या काळातलीही. ओळखपत्राची प्रत, विषय आणि हवी ती सालं लिहून अर्ज केला. चार दिवस बसले. ती मोडी लिपीत आहेत, मोडी येत नसेल तर एकट्याने जाऊ नका. मी पहिला दिवस नुसत्या दप्तरं बांधलेल्या रुमालांच्या गाठी सोडण्या-बांधण्यात घालवला, दुसऱ्या दिवसापासून मोडी शिकलेली माझीच एक माजी विद्यार्थिनी सोबत नेली. तिला दिवसाचे सातशे रुपये दिले, ती घेत नव्हती, तरी दिले. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी वर्तमानपत्रं चाळताना मात्र माझं खरं काम झालं. बातम्यांपेक्षा जाहिराती बघायच्या. नाटकाच्या जाहिरातीत दर असतात, वेळ असते, आणि 'स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था' अशा ओळी असतात ज्यातून सभागृह आतून कसं विभागलेलं होतं ते कळतं.

इथेच हक्कांचा प्रश्न आला. स्कॅन करून छापायचं तर परवानगी कुणाची? एका वकील मैत्रिणीने सोपं करून सांगितलं. प्रसिद्ध झालेल्या फोटोवरचा हक्क, प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं. चित्रकाराच्या चित्रावरचा हक्क, त्याच्या निधनानंतर साठ वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंत छापलेला फोटो २०२५ मध्ये मोकळा. त्यापुढच्यांसाठी मी फोटोग्राफरच्या घरी जाऊन लेखी परवानगी घेतली. सहा जणांनी पैसे मागितले नाहीत, एका कुटुंबाने तीन फोटोंचे पाच हजार मागितले, दिले. फोटो जवळ असणं आणि फोटोवर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला आधी माहीत नव्हतं आणि एका घरी मी वस्तू देणाऱ्यालाच हक्कदार समजून सही घेऊन आले होते. पुन्हा जावं लागलं.

ध्वनीचंही तसंच. नाट्यपद लावायचा मोह होता. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून 'मानापमान' केलं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. त्या माणसाच्या नावाच्या घरात गाणं नको, हे मला फार जड गेलं. पण दुसऱ्या कुणाचा आवाज लावला तर सगळे गाणंच ऐकत उभे राहतील, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क पुन्हा वेगळे. शेवटी फक्त घंटा घेतली. पहिली, दुसरी, तिसरी. दर वीस मिनिटांनी. तिसऱ्या घंटेनंतर शांतता.

आता करायचं कसं? दिवाळीतच सुचलं होतं. आकाशकंदील. घर म्हणजे चौकट आणि कागद, आत उजेड. फेब्रुवारीत बुरूडकाम, म्हणजे बांबूचं काम, करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांना कागदावर काढून दाखवलं: ११ फूट लांब, ६ फूट रुंद, ५ फूट उंच. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "न्यायचं कसं? दारातनं जाईल काय?" हे जिथे मांडायचं होतं त्या कलादालनाचं दार मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलं, साडेतीन फूट. म्हणून सगळं सहा तुकड्यांत केलं, खुंटी आणि भोकांनी जुळणारं. एकही खिळा नाही. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने कामट्या तासून चौकट दिली, दीड महिना लागला, ३८,००० रुपये झाले. मी घासाघीस केली नाही. तुम्हीही करू नका.

भिंतींना हस्तपत्रकांच्या प्रती, हातकागदावर छापलेल्या, थरावर थर, म्हणजे आतून उजेड आला की अक्षरं एकमेकांत दिसतात. मूळ कागद एकही लावला नाही, ते काचेखाली वेगळे. आसनं म्हणजे तिकिटाच्या प्रतीची घडी: एक घडी पाठ, एक घडी बैठक. बुकिंगच्या खिडकीवरचा आसनांचा जुना तक्ता एका माजी व्यवस्थापकांनी जपून ठेवला होता, त्यावरून रांगा आखल्या. ६३ लोकांनी मिळून ४१२ वस्तू दिल्या होत्या. त्यात रांग आणि क्रमांक वाचता येईल अशी तिकिटं १३७. बाकी आसनांच्या जागी नुसतं पेन्सिलीचं चौकोनी चिन्ह ठेवलं. मैत्रिणी म्हणाल्या, रिकामं रिकामं दिसतंय, कोऱ्या कागदाच्या खुर्च्या कर. मी हो म्हणत होते आणि करत नव्हते. नाटकाला निम्मं सभागृह रिकामं असलेलं दादांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या नटांनी तरी प्रयोग केलाच होता.

आसनं लावताना एक गोष्ट दिसली जी मला कुणी सांगितली नसती. जपलेली तिकिटं पुढच्या रांगांची कमी आणि मधल्या-मागच्या रांगांची जास्त होती. पुढे मानकरी, पासवाले बसायचे. ज्याने पैसे मोजून, घरी हिशेब देऊन तिकीट काढलं, त्याने ते जपलं.

उजेडासाठी फक्त एलईडीच्या पट्ट्या, कमी दाबाच्या, आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून त्याचं प्रमाणपत्र घेतलं. बांबू आणि कागद आहे म्हटल्यावर हे सगळीकडे मागतातच. मला ते कुणी मागायच्या आधीच हवं होतं. प्रदर्शनाच्या चारही दिवस माझ्या खुर्चीमागे अग्निशामक सिलिंडर होता आणि तो वापरायचा कसा हे मी आणि दोन्ही मदतनीस मुलं आधी शिकून आलो होतो.

जुळवाजुळवीत सर्वांत वाईट महिना जुलै २०२५. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरली होती, ती कागदाला चांगली, पुढे कधीही पाण्याने सुटते. पण दमट हवेत ती सुकेना. दोन भिंती पोटाला फुगल्या. ते पुन्हा करता आलं. जे करता आलं नाही ते सांगते. इचलकरंजीच्या एका आजोबांनी त्यांच्या तरुणपणीचा मेकअपमधला फोटो दिला होता. मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला, कारण तेच सुरक्षित वाटलं. १४ जुलैला उघडला तर कोपऱ्यात बुरशीचे ठिपके. प्लॅस्टिकने आतली ओल आतच धरली होती. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी एसटीने इचलकरंजीला गेले, फोटो समोर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तोंडावर नाही आली ना? मग ऱ्हाऊ दे." मी पुण्याच्या एका कागद-जतन करणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी बुरशी थांबवली, डाग राहिले. खर्च माझा. आजोबांच्या त्या एका वाक्यामुळे मी पुढचं काम करू शकले, नाहीतर त्या दिवशी थांबले असते.

तेव्हा हे नक्की लक्षात ठेवा: पावसाळ्यात कागद कागदातच ठेवायचा, आम्लरहित मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा बटरपेपर. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा उघडून बघायचं. सेलोटेप कधीही नाही. लॅमिनेशन तर मुळीच नाही. लोक प्रेमापोटी लॅमिनेट करून आणतात आणि तो कागद मग कायमचा अडकतो. फाटलेलं जोडायचं तर जपानी टिश्यू कागद आणि पातळ खळ. स्कॅन ६०० डीपीआयला, दोन वेगळ्या डिस्कवर.

कलादालनाचं सांगायचं राहिलं. मला २६ जून, शाहू जयंतीचा आठवडा हवा होता. जानेवारीत विचारलं तर तो आधीच भरलेला. मग ७ ते १० ऑगस्ट मागितले, त्यात ९ तारीख येत होती. अर्ज, कामाचे फोटो, ओळखपत्र, अर्धं भाडं आगाऊ. चार दिवसांचं भाडं २२,००० आणि अनामत १०,०००, जी सहा आठवड्यांनी परत मिळाली. विम्याचंही वेगळंच होतं. दोन कंपन्यांनी नकार दिला, कारण जुन्या तिकिटाची किंमत काय धरायची हे त्यांना कळेना. तिसरीकडच्या बाईंनी सुचवलं की प्रत्येक वस्तूची ठरवून घेतलेली किंमत देणाऱ्याच्या सहीने लिहा. एका आजींनी अडीच रुपयांच्या तिकिटापुढे एक लाख लिहिलं. मी काही बोलले नाही. विमावाल्या बाईंनी फोन करून समजूत घातली आणि ते पाच हजारांवर आलं. हप्ता ३,१०० रुपये.

एकूण खर्च १,५१,००० झाला. त्यातले ९६,००० माझ्या बचतीतले, बाकी माजी विद्यार्थ्यांनी आणि दोन मामांनी दिले. अनुदानासाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते, एकाने नकार कळवला, दुसऱ्याकडून उत्तर आलं नाही. पैसे उभे राहिल्याशिवाय सुरू करू नका असं मी म्हणणार नाही, मीही नव्हते थांबले. पण छपाई आणि मदतनिसांचा पगार एवढे बाजूला काढून ठेवा. बाकी उधारीवर चालतं, ही दोन चालत नाहीत.

७ ऑगस्टला सकाळी सहा तुकडे टेम्पोतून आले, दारातून गेले. दुपारी दिवे लावले.

लोक येऊन नाट्यगृहाकडे बघत नव्हते. ते वाकून आपली खुर्ची शोधत होते. "आम्ही इकडं बसायचो." "नाही हो, खांबाच्या पलीकडं." "तिथं खांबच नव्हता." नवरा-बायकोत भांडणं झाली. एक पैलवान आले होते, वयाने सत्तरीचे, त्यांनी नाटक एकही बघितलं नव्हतं. खासबागेत कुस्ती असली की हलगीचा आवाज नाटकात जायचा आणि आतला टाळ्यांचा कडकडाट मैदानात यायचा, तो कशाला झाला हे आपल्याला कधी कळलं नाही, एवढंच सांगून ते तिसरी घंटा होईपर्यंत थांबले आणि गेले. ९ तारखेला राखी पौर्णिमा होती. दुपारी ओवाळणी आटोपून बहीण-भाऊ जोडीने आले, खूप आले. इचलकरंजीचे आजोबाही मुलाला घेऊन आले. त्यांचा फोटो डागांसकट लावला होता. ते त्याच्याशेजारी अर्धा तास उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला "हा मी" म्हणत.

चार दिवसांत पेन्सिलीच्या चौकोनांवर लोकांनी आणखी १९ तिकिटं आणून ठेवली. मी अशी काही योजना केली नव्हती, नाहीतर पाकिटं आणि पावत्या तयार ठेवल्या असत्या. तुम्ही ठेवा. त्या १९ ची नोंद मला रात्री बसून, आठवून करावी लागली.

परत देण्याचं काम ऑगस्ट संपेपर्यंत होईल असं वाटलं होतं, नोव्हेंबर उजाडला. हा वेळ कुणी धरत नाही. घरोघर जायचं, पाकीट उघडून दाखवायचं, रजिस्टरात सही घ्यायची. प्रत्येक घरी चहा होतो, आणि प्रत्येक घरी तीच आठवण पुन्हा ऐकायची असते. दोन घरांतली माणसं या वर्षात गेली होती. तिथे सही मुलांनी केली. कंदिलाचे सहा तुकडे सध्या चुलत दिरांच्या गोदामात, फळ्यांवर, जमिनीपासून दोन फूट उंच ठेवले आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना कोरडी जागा शोधायची आहे.

रजिस्टरात एकच सही राहिली आहे. शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, गर्दीत कुणीतरी टेबलावर एक पाकीट ठेवून गेलं. नाव नाही, फोन नाही. आत दोन तिकिटं, एकमेकांना अजून जोडलेली, मधली टोचणी न फाडलेली. रांग जी, आसन सात आणि आठ. दर नये पैशांत. दारावर फाडतात तो भागही शाबूत, म्हणजे त्या प्रयोगाला ते दोघं गेलेच नाहीत. मी ती वेगळी केली नाहीत. बटरपेपरमध्ये, सिलिका जेलसोबत, क्रमांक ४३२ च्या पाकिटात ठेवली आहेत. तुमची असतील तर मंगळवार पेठेत येऊन घेऊन जा. संध्याकाळी साडेपाचनंतर मी घरीच असते.